चार्ल्स गुडइयर : रबराला शिस्त लावणारा कर्जबाजारी संशोधक

गळीत हंगाम संपला की राहाता तालुक्यातल्या रस्त्यांवरून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसेनाशा होतात. तोडणी मजुरांचे तांडे आपापल्या गावांकडे परततात. गव्हाण रिकामी होते, बॉयलर थंड पडतो. बाहेरच्या माणसाला वाटते की आता कारखान्याला सुट्टी लागली. प्रत्यक्षात तिथल्या फिटर, वेल्डर आणि देखभाल विभागातल्या मंडळींसाठी खरे काम आता सुरू होते. हंगामात रात्रंदिवस चाललेले प्रत्येक यंत्र उघडायचे, झिजलेला भाग बदलायचा आणि पुढच्या मोळीपूजनाच्या आत सारे काही जागेवर बसवायचे. याच तालुक्यात लोणीजवळच्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. त्यामुळे हंगाम आणि दुरुस्ती हे वर्षाचे दोन भाग इथल्या अनेक घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत.

या दुरुस्तीत एक काम असे असते की ते पाहायला कुणी थांबत नाही. ते म्हणजे वाहक पट्ट्याचा, म्हणजे कन्व्हेअर बेल्टचा जोड. गव्हाणीतला ऊस पुढे नेणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी लोखंडी साखळी आणि पट्ट्यांची असते. मात्र बगॅस वाहून नेण्यासाठी, साखरेची पोती गोदामापर्यंत पोचवण्यासाठी आणि अनेक ठिकाणी तुकडे केलेला ऊस गिरणीकडे नेण्यासाठी रबरी पट्टे असतात. पट्टा कितीही लांब असला तरी त्याला कुठे ना कुठे जोड असतोच आणि पट्ट्याचा सगळ्यात दुबळा भागही तोच. जोड उखडला की पट्टा थांबतो. पट्टा थांबला की बॉयलरला बगॅस मिळत नाही. वाफ कमी पडली की सगळे गाळप अडते आणि वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग वाढत जाते.

हा जोड पक्का करण्याच्या क्रियेला व्हल्कनायझिंग म्हणतात. शब्द परका वाटला तरी अनोळखी नाही. नगर-मनमाड रस्त्यावरच्या पंक्चरच्या टपऱ्यांवर तो वर्षानुवर्षे रंगवलेला आहे. ही क्रिया ज्याने शोधून काढली तो माणूस मात्र आयुष्यभर कर्जात राहिला, अनेकदा तुरुंगात गेला आणि प्रयोगांच्या पायी प्रकृती गमावून बसला. त्याचे नाव चार्ल्स गुडइयर.

लोखंडाच्या दुकानातून रबराकडे

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन या गावी झाला. वडील अमासा गुडइयर बटणे, शेतीची अवजारे आणि लोखंडी सामान बनवत. चार्ल्सने हा धंदा लहानपणापासून जवळून पाहिला. सतराव्या वर्षी तो फिलाडेल्फियाला लोखंडी मालाच्या व्यापाराचे शिक्षण घ्यायला गेला, १८२१ मध्ये परतून वडिलांचा भागीदार झाला आणि १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर हिच्याशी त्याचे लग्न झाले. दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियात स्वतःचे दुकान थाटले. देशी बनावटीचा लोखंडी माल विकणारे ते सुरुवातीच्या दुकानांपैकी एक होते.

सुरुवातीला धंदा चांगला चालला. पण उधारी वाढली, ज्यांना माल दिला त्यांनी पैसे बुडवले आणि १८३० च्या सुमारास दुकान बुडाले. त्याच काळात पोटाच्या विकाराने त्याला अंथरुणावर पाडले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकता येई. गुडइयरला दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होता आले असते, पण आपल्या हातात असलेल्या कल्पनांमधून कर्ज फेडता येईल असे त्याला वाटत होते. तुरुंगात जाणे आणि सुटून येणे हा क्रम तेव्हापासून सुरू झाला तो जवळजवळ मरेपर्यंत संपला नाही.

१८३४ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात शिरला. तिथे पाण्यात तरंगण्यासाठी वापरायची हवा भरलेली रबरी साधने विकायला होती. त्यांची झडप त्याला सदोष वाटली. त्याने घरी जाऊन अधिक चांगली झडप बनवली आणि ती दाखवायला परत आला. दुकानाच्या व्यवस्थापकाने झडपेचे कौतुक केले, पण खरी अडचण वेगळीच असल्याचे सांगितले. झडप सुधारून उपयोग नव्हता, कारण रबरच टिकत नव्हते. उन्हाळा लागला की विकलेला माल वितळून चिकट लगदा होई आणि त्याची दुर्गंधी सुटे. गिऱ्हाईक माल परत आणून देत होते. हिवाळ्यात तेच रबर लाकडासारखे कडक होऊन तडकत होते. कंपनी बुडण्याच्या बेतात होती.

चीक आणि त्याचा स्वभाव

रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. दक्षिण अमेरिकेतल्या हेविया जातीच्या झाडाला खाच पाडली की दुधासारखा द्रव पाझरतो. तो वाळवला की कच्चे रबर मिळते. तिथले आणि मध्य अमेरिकेतले मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून चिकाचे चेंडू आणि इतर वस्तू बनवत होते. युरोपात हे रबर आधी पेन्सिलीचे लिखाण खोडायला आणि नंतर पावसाळी कोटांना वापरले गेले.

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कच्च्या रबरात कार्बन आणि हायड्रोजनच्या अतिशय लांब साखळ्या असतात. शिजवलेल्या शेवया ताटलीत एकमेकींत गुंतून पडाव्यात तशा त्या पडलेल्या असतात. ओढले की सरळ होतात, सोडले की पुन्हा गुंडाळतात, म्हणून रबर ताणले जाते. पण या साखळ्या एकमेकींना कुठेही बांधलेल्या नसतात. उष्णता वाढली की त्या एकमेकींवरून घसरतात आणि रबर चिकट होते. थंडीत त्यांची हालचाल थंडावते आणि रबर कडक होते. यातले काहीच गुडइयरच्या काळात कुणाला माहीत नव्हते. गुडइयर रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. एवढे मात्र त्याच्या लक्षात आले की रबराचा हा चिकट स्वभाव जो बदलेल त्याला मोठा धंदा मिळेल.

पहिले प्रयोग त्याने कर्जदारांच्या तुरुंगातच केले. बायकोचे लाटणे मागवून घेतले आणि कच्च्या रबरात एक एक भुकटी मिसळून ते लाटू लागला. चिकटपणा शोषून घेईल अशी कोरडी भुकटी मिळाली की काम झाले, असा त्याचा साधा हिशेब होता. मॅग्नेशिया मिसळल्यावर रबर पांढरे आणि कोरडे झाले. एका मित्राने भांडवल दिले, शेकडो जोडी बूट घरातच बनवले गेले आणि उन्हाळा येताच त्यांचा चिखल झाला. मग त्याने चुन्याच्या निवळीत रबर उकळले. या मालाला प्रदर्शनात मान मिळाला. पण फळाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा थेंब पडला तरी चुन्याचा परिणाम नाहीसा होऊन ते पुन्हा चिकट होते हे लवकरच कळले.

शेजाऱ्यांनी घरातल्या वासाच्या तक्रारी केल्या. घरातले सामानसुमान विकले गेले. कुटुंबाला दुसरीकडे ठेवून तो न्यूयॉर्कमधल्या एका खोलीत प्रयोग करू लागला. रबरावरचा सोनेरी रंग काढण्यासाठी एकदा त्याने नायट्रिक आम्ल वापरले. तुकडा काळवंडला म्हणून फेकून दिला. नंतर आठवण आली म्हणून शोधून काढला, तर त्याचा पृष्ठभाग कोरडा आणि गुळगुळीत झालेला होता. १८३७ मध्ये या पद्धतीचे पेटंट त्याला मिळाले. पण बंद खोलीत आम्लाचे प्रयोग करताना एकदा विषारी वायूने तो गुदमरला आणि सहा आठवडे तापाने फणफणत पडला. तेवढ्यात १८३७ ची आर्थिक मंदी आली आणि त्याचा भांडवलदार बुडाला. स्टेटन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात कुटुंब राहिले. समुद्रातले मासे पकडून पोट भरायची वेळ आली.

गंधक, टपालाच्या पिशव्या आणि शेगडी

पुढचा टप्पा मॅसॅच्युसेट्समध्ये घडला. तिथे नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा एक माणूस रबरावर गंधक पसरून ते उन्हात वाळवत असे. त्यामुळे पृष्ठभाग कमी चिकट होई. गुडइयरने त्याचे हक्क विकत घेतले. याच सुमारास सरकारी टपाल खात्याकडून १५० पिशव्यांची मागणी आली. पिशव्या देखण्या झाल्या. त्या उन्हाळ्यात टांगून ठेवून तो काही दिवस बाहेर गेला. परत येऊन पाहतो तर पिशव्या ओघळल्या होत्या आणि त्यांच्या मुठी गळून पडल्या होत्या. वरच्या थरातले रबर सुधारले होते, आतले नव्हते. आता मदत करणारे लोकही थकले. इतका खर्च, इतकी वर्षे आणि हाती काही नाही, असे सगळ्यांना वाटू लागले. नातेवाइकांनीही हा नाद सोडून लोखंडाच्या धंद्यात परत जाण्याचा सल्ला दिला.

१८३९ च्या सुरुवातीला वोबर्न या गावी गंधक मिसळलेला रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता. तो वितळला नाही, तर चामड्यासारखा करपला. बाकी कुणी हे पाहिले असते तर जळका तुकडा फेकून दिला असता. गुडइयरच्या नजरेने वेगळीच गोष्ट टिपली. करपलेल्या भागाच्या कडेला एक बारीक पट्टी अशी होती की ती करपलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. त्याने तुकडा कडाक्याच्या थंडीत दाराबाहेर खिळ्याने ठोकला. सकाळी पाहिले तर तो तितकाच लवचीक होता. उष्णतेने चिकट होणाऱ्या पदार्थाला आणखी उष्णता देऊनच बरे करता येते, हा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होता.

हा शोध अपघाताने लागला असे पुस्तकांत लिहिलेले असते. गुडइयरला हे पूर्णपणे मान्य नव्हते. पाच वर्षे एकाच प्रश्नावर डोके लावून बसलेल्या माणसालाच त्या तुकड्याचा अर्थ लागला, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खरेही आहे. कारण शेगडीनंतरचे काम त्याहून कठीण होते. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ? थोडे कमी झाले तर रबर कच्चे राही, थोडे जास्त झाले तर जळून जाई. बायकोने पाव भाजून काढले की त्या भट्टीत तो रबराचे तुकडे ठेवी. शेजारच्या भट्ट्या, लोहाराची आग, किटलीची वाफ असे जिथे जे मिळेल तिथे त्याने करून पाहिले. अखेर दाबाखालच्या वाफेत सुमारे १३० अंश सेल्सिअसला काही तास ठेवले की एकसारखा चांगला माल मिळतो, हे निश्चित झाले.

या काळाची किंमत कुटुंबाने मोजली. मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली गेली. घरात सरपण नव्हते, खायला नव्हते. एकदा हिमवादळात तो मैलोन्‌मैल चालत एका परिचिताकडे मदत मागायला गेला. १८४० मध्ये पैसे मिळवायला बोस्टनला गेला असताना पुन्हा तुरुंगात पडला. घरी परतला तेव्हा त्याचा दोन वर्षांचा मुलगा अखेरच्या घटका मोजत होता. अंत्यसंस्काराला पैसे नव्हते. त्याची अनेक मुले लहानपणीच दगावली. प्रतिभेची किंमत म्हणून अशा गोष्टी सांगायची आपल्याला सवय आहे. पण ती किंमत बायकामुलांनी मोजली होती आणि त्यांना कुणी विचारले नव्हते, हेही विसरता कामा नये.

मेहुणा विल्यम डी फॉरेस्ट याने पुढे बरेच पैसे पुरवले. त्याची मदत एकूण सुमारे ४६ हजार डॉलर झाली असे सांगतात. १५ जून १८४४ रोजी अमेरिकेचे पेटंट गुडइयरच्या नावावर नोंदले गेले.

शोध त्याचा, पैसा दुसऱ्यांचा

पेटंट मिळाले तरी दैना संपली नाही. गुडइयरचे नमुने इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक या अनुभवी रबर उत्पादकाच्या हाती पडले होते. त्यांवर गंधकाचा पांढुरका थर दिसत होता. हॅनकॉकने स्वतः प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयरचा अर्ज काही आठवडे मागे पडला. इंग्लंडमधला न्यायालयीन झगडाही तो हरला. या क्रियेला रोमन अग्निदेवता व्हल्कनवरून नाव देण्यात आले तेही हॅनकॉकच्या मित्राने, विल्यम ब्रॉकेडनने. फ्रान्समध्ये तांत्रिक कारणाने पेटंट रद्द झाले.

अमेरिकेत परवान्यांचे दर त्याने इतके कमी ठेवले की कारखानदार श्रीमंत झाले आणि तो तसाच राहिला. नकल करणाऱ्यांविरुद्ध खटले लढावे लागले. १८५२ मध्ये ट्रेंटन येथे गाजलेल्या खटल्यात देशाचे परराष्ट्रमंत्री असलेले डॅनिएल वेबस्टर त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे मानधन १५ हजार डॉलर होते. खटला जिंकला, पण वर्षानुवर्षांच्या कर्जाला तो पुरला नाही.

त्यात त्याला प्रदर्शनांचा मोह होता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने भिंती, सामान, दागिने असे सगळे रबराचे असलेले दालन उभारले. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये तसेच केले. पैसे थकले आणि डिसेंबर १८५५ मध्ये पॅरिसच्या क्लिशी तुरुंगात त्याची रवानगी झाली. फ्रान्सच्या सम्राटाने दिलेला मानाचा क्रॉस त्याला तुरुंगातच मिळाला. क्लॅरिसा १८५३ मध्येच वारली होती. नंतर त्याने दुसरे लग्न केले. आजारी मुलीला भेटायला निघालेला असताना १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. मुलगी त्याआधीच गेली होती. त्याच्या नावावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. आज टायरवर जे गुडइयर नाव दिसते ती कंपनी १८९८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी स्थापन झाली. कंपनीने त्याचे नाव घेतले एवढेच. त्याच्या कुटुंबाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

शरीराने भोगलेले

आरोग्याच्या अंगाने पाहिले तर गुडइयरची कहाणी ही व्यवसायजन्य आजाराचीही कहाणी आहे. तो पदार्थ हाताने मळत होता, वाफा नाकाने घेत होता आणि ज्या खोलीत राहत होता त्याच खोलीत प्रयोग करत होता. त्याच्या पेटंटातल्या मिश्रणात गंधकाबरोबर शिशाचे पांढरे संयुगही होते. शिसे शरीरात साठत जाते. पोटदुखी, अशक्तपणा, मज्जासंस्थेचे विकार आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊन येणारा सांधेदुखीचा आजार, म्हणजे गाउट, हे शिशाच्या विषबाधेचे परिचित परिणाम आहेत. गुडइयर उतारवयात गाउटने जखडला होता आणि कुबड्या घेऊन चालत होता. त्याचे निदान आज करता येणार नाही, पण शिशाकडे बोट जाते हे खरे.

त्याच्यानंतर कामगारांनी आणखी भोगले. १८४६ मध्ये उष्णता न देता रबर पक्के करण्याची एक पद्धत निघाली. तिच्यात कार्बन डायसल्फाइड हा द्रव वापरत. पॅरिसचे डॉक्टर ऑग्यूस्त देलपेश यांनी १८५६ मध्ये रबर कामगारांच्या विषबाधेचे वर्णन केले. डोकेदुखी, हातापायांतली शक्ती जाणे आणि वेड लागल्यासारखे वागणे ही लक्षणे त्यांना दिसली. कारखान्यातल्या हवेचा मेंदूवर परिणाम होतो हे वैद्यकाला शिकवणाऱ्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक आहे.

दुसरीकडे याच शोधाने वैद्यकाला मोठी देणगी दिली. शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे, नळ्या, औषधाच्या कुपीचे बूच हे सारे गंधकाने पक्के केलेल्या रबरामुळे शक्य झाले. कच्च्या रबराचा हातमोजा निर्जंतुक करायला उकळला असता तर त्याचा गोळा झाला असता.

पट्ट्यापर्यंतचा प्रवास

मालवाहक पट्ट्याला खरे रूप मिळाले ते गुडइयरच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. टॉमस रॉबिन्स हा तरुण १८९१ च्या सुमारास एडिसनच्या लोहखनिजाच्या कारखान्यात गेला. तिथले कापडी पट्टे खनिजाच्या माऱ्याने लवकर फाटत. पट्ट्यावरचा रबराचा पातळ थर मात्र कापडापेक्षा जास्त टिकतो, असे त्याच्या लक्षात आले. त्याने पट्ट्याच्या मधोमध, जिथे माल पडतो तिथे, रबर जाड केले आणि पट्टा खोलगट राहावा म्हणून त्याखाली तिरके रोलर बसवले. आजचे पट्टे याच घराण्यातले आहेत. आत कापडाचे थर, वर-खाली रबराचे आवरण. पूर्वी कापड सुती असे, आता नायलॉन आणि पॉलिएस्टर असते. ओढ सोसते ते कापड. मार, झीज आणि ओल सोसते ते रबर.

आता दुरुस्तीच्या मोसमातल्या त्या जोडाकडे परत येऊ. पट्ट्याची दोन्ही टोके तिरपी कापतात. कापडाचा एक एक थर पायऱ्यांसारखा सोलतात, म्हणजे एका टोकाच्या पायऱ्या दुसऱ्या टोकाच्या पायऱ्यांवर बरोबर बसतात. पृष्ठभाग घासून खरखरीत करतात, धूळ झटकतात, रबराचे द्रावण लावून वाळू देतात आणि मध्ये कच्च्या रबराची पातळ पट्टी घालतात. मग विजेने तापणाऱ्या दोन पत्र्यांमध्ये जोड दाबून धरतात. साधारण १४० ते १५० अंश सेल्सिअस तापमान, भरपूर दाब आणि पट्ट्याच्या जाडीप्रमाणे ठरलेली वेळ. या वेळात गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांना छोट्या पुलांसारखे सांधतात. शेवया गाठींनी एकमेकींना बांधल्या जातात. आता त्या ताणल्या जातील, पण घसरून वेगळ्या होणार नाहीत.

घड्याळ आणि तापमापक पाहण्यात हयगय झाली तर काय होते? वेळ कमी पडली तर मधली पट्टी कच्ची राहते आणि हंगाम ऐन भरात असताना जोड सुटतो. जास्त झाली तर रबर ठिसूळ होऊन तडकते. करपलेला भाग आणि चिकट भाग यांच्या मधली ती बारीक पट्टी गुडइयरने शेगडीपाशी पाहिली होती. जोड करणारा कामगार प्रत्येक वेळी तीच गाठायचा प्रयत्न करत असतो. म्हणूनच जोड थंड होण्याआधी पत्रे काढायची घाई अनुभवी माणूस करत नाही.

वेळ नसेल तेव्हा द्रावणाने थंड जोड करतात किंवा लोखंडी क्लिपा ठोकतात. क्लिपांचे काम झटपट होते, पण त्यांच्या फटीतून बारीक माल गळतो आणि पट्टा साफ करणाऱ्या पट्टीला त्या अडकतात.

पट्टा सांभाळणाऱ्यांसाठी

पट्ट्याचे आयुष्य जोडापेक्षाही रोजच्या निगराणीवर ठरते. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर त्याची कड चौकटीला घासून उसवते. रोलर जाम झाला तर पट्टा त्यावरून घासत राहतो आणि तिथे उष्णता साठते. सुकलेली बगॅसची भुकटी आजूबाजूला असेल तर हीच उष्णता आगीचे कारण होते. म्हणून जाम रोलर बदलणे आणि साचलेला भुसा काढणे ही फक्त स्वच्छता नाही, तो आगीपासूनचा बचाव आहे.

माणसाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची जागा म्हणजे पट्टा पुलीवर चढतो तो कोपरा. तिथे बाही, गमछा किंवा झाडूचा दांडा अडकला तर हात मागे खेचायला वेळ मिळत नाही. पट्टा सेकंदाला एक-दोन मीटर वेगाने जातो आणि आपल्याला धोका कळून हात मागे घेईपर्यंत अर्धा सेकंद तरी जातो. तेवढ्यात हात पुलीपर्यंत पोचलेला असतो. पुलीवर जाळी असावी, पट्ट्याच्या कडेने ओढायची आपत्कालीन दोरी चालू स्थितीत असावी आणि दुरुस्तीआधी वीज बंद करून स्विचला कुलूप लावावे. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची आणि चालू यंत्रापाशी फक्त प्रशिक्षित, घट्ट कपडे घातलेल्या माणसानेच जाण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यातच होती. नियम नवा नाही. घाईत तो मोडला जातो आणि अपघात बहुधा पट्टा चालू ठेवून साफसफाई करताना होतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जोडाच्या द्रावणात आणि साफसफाईच्या द्रवात टोल्युइन किंवा ट्रायक्लोरोइथिलीनसारखी रसायने असू शकतात. ट्रायक्लोरोइथिलीनमुळे माणसाला कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ठरवले आहे. डब्यावरचे लेबल वाचावे, काम मोकळ्या हवेत करावे, योग्य हातमोजे आणि वाफ रोखणारा मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही. चक्कर, मळमळ, डोके जड होणे ही काम थांबवून बाहेर येण्याची खूण समजावी. बुरशी लागलेल्या जुन्या बगॅसची धूळ श्वासातून गेल्याने फुप्फुसाला सूज येते. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. काम करून आल्यावर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप लागत असेल तर डॉक्टरांना आपण बगॅसमध्ये काम करतो हे आवर्जून सांगावे. नाहीतर साधा सर्दी-ताप किंवा न्यूमोनिया समजून उपचार होतात.

शेवटची गोष्ट जुन्या पट्ट्याची. गंधकाचे पूल एकदा बांधले की सहज सुटत नाहीत. त्यामुळे रबर प्लॅस्टिकसारखे वितळवून पुन्हा ओतता येत नाही. काही जण जुने टायर आणि पट्ट्यांचे तुकडे गुऱ्हाळाच्या चुलाणात किंवा शेकोटीत टाकतात. त्यातून गंधकाचे वायू, काजळी आणि इतर विषारी पदार्थ बाहेर पडतात आणि ते सर्वांत आधी चुलाणाशी बसलेल्या जाळव्याच्या छातीत जातात. जुना पट्टा गोठ्यात अंथरायला किंवा ट्रॉलीच्या तळाला लावायला उत्तम. जाळायला नाही.

गुडइयरच्या हाताशी तापमापक, मास्क, हवा खेळती असलेली खोली यांपैकी काहीच नव्हते. रबर किती तापवायचे हे शिकताना आपल्या शरीराचे काय होते आहे हे त्याला कळले नाही, सांगणारेही कुणी नव्हते. ते आज आपल्याला ठाऊक आहे. येत्या हंगामाआधी पट्ट्याचा जोड करायला बसणाऱ्याच्या हाताशी या सगळ्या गोष्टी आहेत की नाहीत, हे पाहणे ही कारखाना चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे आणि त्या मागून घेणे हा कामगाराचा हक्क आहे.